नग्गरचं रोरिक संग्रहालय: वीस मिनिटांत उरकू नका

मनालीच्या पॅकेजच्या कागदावर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी एक ओळ असते: 'नग्गर कॅसल, रोरिक आर्ट गॅलरी'. प्रत्यक्षात गाडी फाटकाशी थांबते, ड्रायव्हर म्हणतो, "बीस मिनिट", आणि मंडळी आत जाऊन, डोंगरांची निळी-जांभळी चित्रं पाहून, 'छान आहेत, पण रंग जरा भडकच' असं म्हणत गाडीत परत येतात. मीही पहिल्या खेपेला असाच परतलो होतो. पुढे एकदा मुद्दाम नग्गरलाच दोन रात्री राहिलो, तेव्हा कळलं की ही जागा उलट्या क्रमाने पाहायची असते. आधी डोंगर, मग चित्रं. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे.

हे घर कुणाचं

हे संग्रहालय म्हणजे चित्रकार निकोलस रोरिक यांचं राहतं घर. जाण्याआधी एवढी ओळख पुरेशी आहे. निकोलस रोरिक यांचा जन्म १८७४ साली सेंट पीटर्सबर्गला झाला. वडिलांच्या आग्रहाखातर कायदा आणि स्वतःच्या ओढीने चित्रकला, असं दोन्ही ते शिकले. चित्रकलेतले त्यांचे गुरू अर्खिप कुइंजी. चांदणं आणि मावळतीचा उजेड रंगवण्यात या कुइंजींचा हात धरणारा त्या काळी रशियात कुणी नव्हता. पुढे रोरिक नाटक-बॅलेच्या नेपथ्याकडे वळले. पॅरिसमध्ये १९१३ साली प्रेक्षागृहात गदारोळ उडवून देणाऱ्या, संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या बॅलेचं नेपथ्य आणि वेशभूषा त्यांचीच होती. ही नेपथ्याची गोष्ट लक्षात ठेवा, दालनात उपयोगी पडेल.

रशियन क्रांतीनंतर ते मायदेशाबाहेर राहिले. फिनलंड, लंडन, अमेरिका असं करत डिसेंबर १९२३ मध्ये बोटीने मुंबईला उतरले. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी पत्नी हेलेना आणि थोरला मुलगा यूरी यांच्यासह लडाख, सिंक्यांग, अल्ताई, मंगोलिया, तिबेट अशी प्रचंड फेरी केली. परतीच्या वाटेवर तिबेटी अधिकाऱ्यांनी तांड्याला पठारावरच अडवलं आणि ऐन हिवाळ्यात कित्येक महिने तंबूत काढावे लागले. त्यानंतर त्यांनी कुलूच्या खोऱ्यात घर घेतलं ते कायमचं. १३ डिसेंबर १९४७ रोजी याच घरात ते वारले.

मराठी वाचकाला या घराशी जोडणारा एक धागा मालाडहून येतो. रोरिकांचा धाकटा मुलगा स्वेतोस्लाव हाही चित्रकार, आणि १९४५ साली त्याच्याशी लग्न केलं बॉम्बे टॉकीजच्या देविकाराणीने. 'अछूत कन्या'मधली देविकाराणी स्टुडिओचा कारभार सोडून या कुटुंबात आली. पुढे दादासाहेब फाळके पुरस्काराची पहिली मानकरीही तीच ठरली. घरातल्या छायाचित्रांत तिला शोधा. बरोबर कुणी जुन्या सिनेमाचे शौकीन असतील तर त्यांचा वेळ तिथेच जाईल.

हेलेना आणि निकोलस दोघंही अध्यात्म, योग, गूढविद्या यांत खोलवर शिरले होते. इथे येणाऱ्यांपैकी काहींना, विशेषतः रशियन पाहुण्यांना, ही जागा तीर्थासारखी वाटते, तर काहींना त्याच कारणाने ती नकोशी होते. माझं मत असं की हा वाद फाटकाबाहेर ठेवावा. चित्रं पाहायला त्यातली कुठलीच बाजू घ्यावी लागत नाही.

दिवस आणि मोसम

संग्रहालय सोमवारी बंद असतं. हे वाक्य ठळक अक्षरात वाचा, कारण पॅकेजवाले वार पाहून आखणी करत नाहीत. दुपारी जेवणाची छोटी सुट्टी असते आणि हिवाळ्यात दरवाजे लवकर बंद होतात. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास उघडता उघडता पोहोचणं उत्तम. त्या वेळी मनालीहून निघालेल्या गाड्या अजून वाटेत असतात आणि पहिला तासभर दालन जवळजवळ तुमचंच असतं. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत राहतात, त्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

मोसमांत माझी पसंती ऑक्टोबर-नोव्हेंबरला. पावसाने हवा धुतलेली असते आणि समोरच्या रांगा कातरून काढल्यासारख्या स्पष्ट दिसतात. एप्रिलमध्ये सफरचंदाच्या बागा फुललेल्या असतात, पण दुपारी ढग येतात. मे-जूनमध्ये गर्दी. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. पावसात डोंगर दिसत नाहीत हे एक कारण, आणि बियासचं खोरं पावसाळ्यात कसं वागतं हे २०२३ च्या जुलैतल्या पुराने दाखवून दिलं, हे दुसरं. जानेवारीत बर्फ पडलं तर दृश्य अपूर्व असतं, पण वरची चढण निसरडी होते.

पोहोचायचं कसं

नग्गर बियासच्या डाव्या काठावर, सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. मनालीहून अंतर २०-२२ किलोमीटर, कुलूहून साधारण २५. गोंधळ इथे होतो: दिल्ली-चंदीगडहून येणाऱ्या मोठ्या बसगाड्या उजव्या काठाच्या महामार्गाने मनालीला जातात, त्या नग्गरला शिवत नाहीत. त्यांतून येणार असाल तर मनालीपर्यंत जाऊन मागे येऊ नका. अलीकडे पाटलीकुहलला उतरा. तिथून पूल ओलांडून पाचसहा किलोमीटर चढ आहे, टॅक्सी मिळते. कुलू-मनाली दरम्यान डाव्या काठाने धावणाऱ्या स्थानिक बसही आहेत. त्या हळू जातात, पण गावागावांतून जातात आणि लाकूड-दगडाची घरं खिडकीतून पाहायला मिळतात. विमानाने आलात तर भुंतर हा जवळचा विमानतळ.

पुण्या-मुंबईहून चंदीगडमार्गे येणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे हाताशी अर्धा दिवस असेल तर सेक्टर १० मधलं सरकारी संग्रहालय पाहून घ्या. तिथेही रोरिकांची मूळ चित्रं आहेत. डोंगरात शिरण्याआधी ती पाहिली, तर तुमच्या मनात 'हे रंग खरे असतील का?' हा प्रश्न तयार होतो. तो घेऊनच नग्गरला जा. मात्र फोनवर चित्रांचे ढीग पाहून जाऊ नका. रोरिक बहुतेक टेम्पेरात, म्हणजे तेलाऐवजी पाण्यात मिसळणाऱ्या रंगांत, रंगवत. टेम्पेराला तैलरंगासारखी चकाकी नसते, तो पृष्ठभाग कोरडा, खडूसारखा मऊ दिसतो. फोनचा पडदा नेमकी हीच गोष्ट बिघडवतो आणि मऊ निळा रंग विजेच्या दिव्यासारखा भगभगीत करून टाकतो. 'भडक' हा शिक्का बहुधा तिथूनच बसतो.

आदली संध्याकाळ आणि दुसरी पहाट

म्हणूनच नग्गरला एक रात्र मुक्काम करा, असा माझा आग्रह आहे. गावात लहान होमस्टे आहेत. जुना किल्लेवजा वाडा, म्हणजे नग्गर कॅसल, हाही आता हिमाचल पर्यटन मंडळाचं हॉटेल आहे. कुलूच्या राजांची राजधानी एकेकाळी इथेच होती. दगडाचा थर, वर देवदाराच्या तुळया, पुन्हा दगडाचा थर अशी ही बांधणी 'काठकुणी' म्हणून ओळखली जाते, आणि भूकंपात तग धरण्याबद्दल तिची ख्याती आहे. तिथे राहणार नसाल तरी तिकीट काढून आत जाता येतं.

आता मुख्य गोष्ट. गाव पूर्वेच्या उतारावर आहे, म्हणजे तोंड पश्चिमेला. समोर खाली बियास, पलीकडे डोंगरांच्या एकामागे एक रांगा. संध्याकाळी सूर्य त्या रांगांच्या मागे उतरतो. तेव्हा झाडं, कडे, घरं असे सगळे तपशील विझतात आणि उरतात फक्त सपाट पट्टे: जवळचा जवळजवळ काळा, त्यामागचा गडद निळा, त्यामागचा जांभळा, शेवटचा राखाडी. कॅसलच्या गच्चीवर किंवा कुठल्याही मोकळ्या वळणावर अर्धा तास बसा आणि पट्टे मोजा. चार दिसतात की सहा? सर्वांत दूरच्या पट्ट्याचा रंग नक्की कोणता? फोनमध्ये टिपायला गेलात तर फोन स्वतःच्या अकलेने रंग बदलेल. त्यापेक्षा वहीत शब्दांत लिहा. मी 'वांग्याचा देठाजवळचा' असं काहीतरी लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी ते वाचून हसू आलं आणि पटलंही.

पहाटे याच्या उलट घडतं. सूर्य तुमच्या पाठीमागच्या डोंगराआडून येतो, त्यामुळे पहिला उजेड पडतो तो समोरच्या शिखरांवर. खाली दरी अजून निळ्या सावलीत बुडालेली आणि वर फक्त टोकं पेटलेली, आधी गुलाबी, मग केशरी, मग पिवळसर. हा खेळ काही मिनिटांचाच असतो. गजर लावा, शाल गुंडाळा, अंथरुणातून बाहेर या. एवढं केलंत की दालनातली निम्मी चित्रं तुम्ही आधीच पाहिलेली असतील.

चढण

कॅसलपासून संग्रहालय दीड-एक किलोमीटर वर आहे. गाडी फाटकाजवळपर्यंत जाते, पण पाय धड असतील तर चालत जा. वाटेत त्रिपुरासुंदरीचं देऊळ लागतं, एकावर एक चढत जाणाऱ्या छपरांचं, पूर्ण लाकडी. तिथे पाच मिनिटं थांबा आणि छपरांच्या उतरत्या रेषा डोळ्यांत साठवा. चढ आहे, हवा विरळ आहे, सावकाश चाला. ज्येष्ठांना आणि गुडघेदुखीवाल्यांना टॅक्सीने वर न्यावं आणि उतरताना चालवावं, हा सोपा तोडगा. मात्र आवाराच्या आतही पायऱ्या आणि उतार आहेत, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

तिकीट काढलंत की जपून ठेवा, वरच्या 'उरुस्वती'लाही, म्हणजे रोरिकांच्या संशोधन संस्थेच्या जागीही, दाखवावं लागतं. आतल्या दालनात फोटो काढू देत नाहीत. बागेत काढता येतात.

दालन: एका चित्रापुढे किती वेळ

घर दुमजली आहे आणि दालन तळमजल्यावर, लहानच. रोरिकांनी आयुष्यात हजारो चित्रं काढली, ती जगभर पांगली आहेत. इथे त्यातली मूठभर दिसतात. त्यामुळे 'एवढंच?' असं वाटू शकतं. पण कमी चित्रं असणं सोयीचंच आहे. माझी पद्धत सांगतो.

पहिली फेरी न थांबता मारा, पाट्याही न वाचता. फक्त कुठल्या तीन चित्रांपाशी पाऊल रेंगाळलं ते लक्षात ठेवा. दुसऱ्या फेरीत फक्त त्या तिघांपुढे उभे राहा, प्रत्येकी पाच मिनिटं. पाच मिनिटं फार वाटतात, म्हणून डोळ्यांना काम द्या.

आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पट्टे मोजा, काल संध्याकाळी मोजले तसे. इथे नेपथ्यकार रोरिक ओळखू येतो. संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे आठवा: पुढे झाडाची विंग, मागे वाड्याची, सर्वांत मागे आकाशाचा पडदा, आणि प्रत्येक पडदा स्वतः सपाट असूनही खोली तयार होते. रोरिकांचे डोंगर असेच एकामागे एक टांगलेले आहेत. डोंगराला गोलाई देण्याच्या भानगडीत ते फारसे पडत नाहीत, कड नेमकी कापतात आणि मागचा रंग एक पायरी फिका करतात.

मग जवळ या आणि माणूस शोधा. बऱ्याच चित्रांत एक तरी असतो: कड्यावर बसलेला साधू, घोडेस्वार, गुहेच्या तोंडाशी मिणमिणता उजेड. बोटाच्या पेराएवढा. तो सापडल्यावर डोंगराचं माप एकदम बदलतं. लहान मुलांना बरोबर नेलंत तर हाच खेळ द्या, ती मोठ्यांच्या आधी शोधतात.

शेवटी काचेच्या थोडं बाजूला उभं राहून पृष्ठभाग पाहा. चमक नाही, रंगाचे जाड थर नाहीत. काही ठिकाणी निळा इतका कोरडा आहे की बोट लावलं तर भुकटी येईल असं वाटतं. लावू नका, अर्थात.

याच घरात स्वेतोस्लावची चित्रंही आहेत. ती पाहताना बाप आणि लेक वेगळे करा. वडिलांचा जीव डोंगरात, मुलाचा माणसांत. स्वेतोस्लावकडे त्वचेचा उबदारपणा आहे, चेहऱ्यांत गुंतणं आहे. मला व्यक्तिशः वडिलांची छोटी चित्रं जास्त आवडतात, मोठ्या प्रतीकात्मक चित्रांत उपदेशाचा सूर लागतो असं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण काहीतरी मत बनेपर्यंत बाहेर पडू नका.

एक माहिती बरोबरच्यांना जरूर सांगा. भारत सरकारने ज्या मोजक्या चित्रकारांच्या कामाला 'राष्ट्रीय कलासंपदा' ठरवलं आहे, त्यांत राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्या पंगतीला हा एकच रशियन माणूस बसलेला आहे. या यादीतल्या चित्रकारांची चित्रं विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाहीत.

वरच्या मजल्याच्या खिडक्या

कुटुंबाच्या राहत्या खोल्या वर आहेत. त्यांत शिरता येत नाही, बाहेरच्या सज्जातून काचेआडून पाहायच्या. इथे बहुतेकांची निराशा होते, कारण काचेत स्वतःचाच चेहरा आणि मागचं आकाश दिसतं. दोन्ही तळहात कपाळाच्या बाजूंना पडद्यासारखे धरा आणि काचेला न टेकता जवळ जा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा मिनिट लागतो, मग टेबल, पुस्तकं, खुर्च्या हळूहळू वर येतात. नेहरू आणि इंदिरा १९४२ साली याच घरी पाहुणे म्हणून राहून गेले होते. नंतर सज्जावरून वळून दरीकडे पाहा: रोरिक रोज उठून काय पाहत होते, याचं उत्तर समोरच आहे.

खाली रोरिकांची जुनी डॉज मोटार ठेवली आहे. तिच्याभोवती नेहमी दालनापेक्षा जास्त गर्दी असते. असू दे.

बाग, गुगा चौहान आणि शिळा

घराजवळ देवदाराखाली दगडी मूर्तींचा एक समूह आहे. मधला घोडेस्वार म्हणजे गुगा चौहान, या भागातला वीरदेव. नाथपंथाशी आणि सापांशी त्याच्या कथा जोडलेल्या आहेत, राजस्थानात त्यालाच गोगाजी म्हणतात. आपल्याकडचे वीरगळ पाहिलेल्या माणसाला या घोडेस्वारापुढे अनोळखी वाटत नाही. रोरिकांनी त्याचं चित्रही काढलं आहे. दालनात हा घोडेस्वार दिसला असेल तर इथे ताडून पाहा: दगडातला जाडाभरडा देव चित्रात कसा डोंगराएवढा होतो.

तिथून एक वाट खाली उतरते ती दहनाच्या जागी. तिथे एक मोठी शिळा उभी आहे. १५ डिसेंबर १९४७ रोजी इथे अग्नी दिला, असं तिच्यावर कोरलं आहे, आणि रोरिकांचा उल्लेख महर्षी व भारताचा मित्र असा केला आहे. उतरायला सोपं, परत चढायला दम लागतो. इथे आवाज कमी ठेवा, कुणीतरी डोळे मिटून बसलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

आवारात पांढऱ्या कापडावर लाल वर्तुळ आणि त्यात तीन लाल ठिपके असं चिन्ह दिसलं, तर तो रोरिकांचा शांतिध्वज. युद्धातही संग्रहालयं, ग्रंथालयं, विद्यापीठं यांवर हल्ला होऊ नये, म्हणून त्यांवर हे निशाण असावं, जसा दवाखान्यावर रेड क्रॉस, अशी ती कल्पना. १५ एप्रिल १९३५ रोजी वॉशिंग्टनला अमेरिका खंडांतल्या २१ देशांनी तसा करार केला.

उरुस्वती: बहुतेकजण सोडतात ती जागा

घरापासून आणखी वर, देवदारांतून काही मिनिटं चालल्यावर उरुस्वती येते. १९२८ साली रोरिकांनी स्थापन केलेली ही हिमालय संशोधन संस्था. नावाचा अर्थ पहाटताऱ्याचा प्रकाश. यूरी हे तिचे संचालक, तिबेटी भाषेचे मोठे पंडित. इथे वनौषधी गोळा होत, पक्षी आणि वनस्पतींचे नमुने जमत, तिबेटी वैद्यकाचा अभ्यास चाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काम थांबलं. यूरी १९५७ साली रशियाला परतले. वडिलांचं परतायचं राहूनच गेलं होतं.

आज तिथे पहाडी पोशाख, दागिने, लोककला मांडली आहे. मांडणी जुन्या पद्धतीची आहे, पाट्या त्रोटक. तरी जा, कारण 'डोंगर रंगवणारा रशियन' एवढ्यावर रोरिकांना संपवलं की हा उद्योग कळत नाही. जेवणाची सुट्टी लक्षात घेऊन आधी खालचं घर, मग उरुस्वती, असा क्रम ठेवा. सगळं मिळून तीन ते चार तास धरा.

जवळ काय असावं

तळव्याला पकड असलेले बूट, पाण्याची बाटली, उन्हाळ्यातही एक स्वेटर, कारण देवदारांखाली ऊन पोहोचत नाही. सुटे पैसे ठेवा, डोंगरात फोनला रेंज नसली की ऑनलाइन पैसे अडतात. छापील प्रती विकत घेणार असाल तर दालनातून नुकतेच बाहेर आलेले असतानाच घ्या. मूळ रंग डोळ्यांत ताजे असतात, तेव्हा कुठली छपाई खरी उतरली आहे ते लगेच कळतं. मी उरुस्वतीहून परतल्यावर घेतली, घरी आणून पाहिली तर डोंगर हिरवट.

उतरताना घाई नसेल तर कॅसलच्या खालच्या अंगाला असलेलं गौरीशंकराचं छोटं दगडी देऊळ पाहा. तिथून बसथांबा जवळच आहे. पाटलीकुहलहून रात्रीची दिल्ली बस धरायची असेल तर टॅक्सी सकाळीच ठरवून ठेवा. संध्याकाळी गावात टॅक्सी शोधत फिरावं लागतं आणि नेमक्या त्याच वेळी समोरचे पट्टे निळे व्हायला लागलेले असतात.